गुलाबी रंग जाईपर्यंत

लोक ॲसिडला भितात. नवीन येणारी पोरं भितात, त्यांचे आईबाप भितात. आमच्या मुख्याध्यापिका मॅडम तर प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारायच्या, "ॲसिड कुलपात आहे ना?" कॉस्टिक सोड्याबद्दल मात्र मला कधीच कोणी विचारलं नाही.

ॲसिड अंगावर पडलं की लगेच कळतं. झोंबतं, आग होते, माणूस ओरडून नळाकडे पळतो. कॉस्टिकचं तसं नाही. ते बुळबुळीत लागतं, साबणाच्या पाण्यासारखं. आधी काहीच दुखत नाही. बुळबुळीत लागतं कारण ते खरंच साबण करत असतं, आपल्याच कातडीतल्या चरबीचा. हे मला धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर माझ्या उजव्या हाताचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी नागपुरात धरमपेठेकडच्या एका शाळेत प्रयोगशाळेत काम केलं. शिक्षण चौथीपर्यंत. कागदावर माझं पद परिचर, शाळेत सगळ्यांची मी मावशी. हे मी पोरांच्या टाकून दिलेल्या प्रयोगवह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. उजवं पान रेघांचं, डावं आकृतीसाठी कोरं असतं. आकृत्या आता कोणी फारशा काढत नाही, त्यामुळे डावी पानं भरपूर उरतात. डाव्या हाताने लिहिते म्हणून अक्षर तिरपं येतं. कोणाला दाखवायचं नाही, तेव्हा चालेल. लोकांपुढे माझा आवाज निघत नाही. लहानपणापासूनच तसं आहे. किराण्याच्या दुकानात मी मागितलेलं दुकानदार माझ्या शेजारच्या बाईला विचारतो, "काय म्हणून राहिल्या ह्या?" कागदावर निदान कोणी मध्ये बोलत नाही.

प्रयोगशाळेचं काम बाहेरच्यांना मोठं वाटतं. खरं तर ते धुण्याचं काम आहे. परीक्षानळीत ब्रश फिरवायचा, तळाशी हलक्या हाताने, नाहीतर बूड निघतं. मग साधं पाणी, मग डिस्टिल्ड पाणी, मग लाकडी स्टँडवर उलटी करून ठेवायची. नळीत साबण राहिला तर पोरांचा प्रयोग खोटा येतो, कारण साबणही आम्लारीच. सरांनी त्यात ॲसिडचा एक थेंब टाकायला सांगितला तरी लिटमस निळाच राहतो, आणि पोरगं तेच वहीत लिहितं.

आमचे विज्ञानाचे दाणी सर मला म्हणायचे, "मावशी, माझा अर्धा वर्ग तुमच्या हातात आहे." सर चांगले होते. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे येणार आहे ते वाचून कोणालाही वाटेल की ते वाईट होते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

आम्ल आणि आम्लारी हा त्यांचा सगळ्यात आवडता धडा. आम्ल म्हणजे आंबट बाजू: लिंबू, चिंच, दही. आम्लारी म्हणजे बुळबुळीत बाजू: साबण, सोडा, चुना. कोण किती जोराचं, हे मोजायची पट्टी म्हणजे सामू. शून्य ते चौदा. मधला सात म्हणजे शुद्ध पाणी, ना इकडचं ना तिकडचं. सरांचा जोर एका गोष्टीवर असायचा. सात आणि आठ यांत फरक एकाचा नाही, दहापटीचा आहे. आठ आणि नऊ यांत आणखी दहापट. पट्टीवर घर एकच सरकतं, जोर दहापट सरकतो. हे पोरांना समजायला वेळ लागायचा. मला मात्र लगेच पटलं होतं.

मोजायला पिवळा कागद असतो. तो भिजवला की लालपासून जांभळ्यापर्यंत रंग धरतो, आणि डबीवरच्या रंगांशी जुळवून आकडा कळतो. तो कागद महाग, म्हणून बोटभर पट्टीच्या मी कात्रीने उभ्या तीन करायची. नववीला घरून वस्तू आणायला सांगत. एका वर्षी पोरांनी आमचे शिपाई गजाननभाऊ यांनाच धरून आणलं. त्यांच्या खिशात खर्र्याची पुडी आणि चुन्याची डबी कायम. सरांनी चुना पाण्यात कालवून कागद बुडवला. कागद जांभळा झाला.

"गजाननभाऊ, बाराच्या वर आहे हे. तुम्ही तोंडात ठेवता?"

"एकटा थोडीच ठेवतो सर? सुपारी हाय, तंबाखू हाय. मंडळी जमली की कोणी कोणाले त्रास देत नाही."

"आणि गाल पोळला तर?"

"तं दुसऱ्या गालात."

वर्ग किती वेळ हसत होता. मीही कपाटाआड तोंड करून हसले.

माझी गिऱ्हाइकंही होती. गणिताच्या सरांना इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी डिस्टिल्ड पाणी लागायचं. इंग्रजीच्या बाई दर दिवाळीआधी येऊन हळूच म्हणायच्या, "मावशी, न्हाणीची फरशी पिवळी पडली हो. थोडंसं ॲसिड द्या ना." मला नाही म्हणता येत नाही. मी "सरांले विचारा" एवढं पुटपुटून आतल्या खोलीत जायची आणि त्या जाईपर्यंत धुतलेल्याच नळ्या पुन्हा धुवायची.

आता बुचाची गोष्ट. प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटलीला काचेचं बूच असतं आणि कॉस्टिकच्या बाटलीला रबराचं. कारण कॉस्टिक काचही हळूहळू खातं. काचेचं बूच लावलं तर काही आठवड्यांत ते बाटलीच्या मानेला चिकटून बसतं, जणू दोन्ही एकाच काचेची. हे मला दाणी सरांनीच पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

एका वर्षी शाळेची तपासणी होणार होती. मॅडम आदल्या आठवड्यात दारातून आत आल्या, हे पहिल्यांदाच. फळीवरच्या बाटल्यांकडे पाहून म्हणाल्या, "हे काळं बूच काय मध्येच? बत्तिशीत एक दात किडल्यासारखं दिसतंय."

सर म्हणाले, "मॅडम, त्याला रबरीच लागतं."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, दाणी सर. फोटो निघणार आहेत."

नवीन बाटल्यांचा सेट आला. सगळ्या सारख्या, सगळ्यांना काचेची चमकदार बुचं. जुन्या बाटल्या रबरी बुचांसकट भंगारात गेल्या. घट्ट कॉस्टिकची मोठी बाटली, जिच्यातून थोडं थोडं काढून आम्ही पातळ करायचो, तीही नवीन बाटलीत ओतली गेली. सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "मावशी, तपासणी झाली की रबरी आणून लावू."

तपासणी झाली. शेरा चांगला मिळाला. मी सरांना आठवण करून दिली. आणतो म्हणाले. मग परीक्षा आल्या, पुन्हा आठवण करून दिली, तेव्हा सुट्टीनंतर आणू म्हणाले. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. नागपूरच्या त्या उन्हात बंद खोलीत ती बाटली तशीच बसली.

जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली, आणि पहिल्याच प्रयोगाला कॉस्टिक लागलं. बूच हलेना. वर्ग टेबलाभोवती उभा. मी म्हटलं, "सर, बसलं आहे. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून पाहू."

"तास निघून जाईल मावशी. जरा जोर लावा ना."

मी पदर गुंडाळला आणि जोर लावला. बूच नाही निघालं, मान तुटली.

सगळं उजव्या हातावर आलं. मनगटापर्यंत. आणि आधी मला काय वाटलं असेल, तर लाज वाटली. एवढी पोरं पाहत होती, आणि बाटली माझ्या हातात फुटली. मी खाली बसून फडक्याने फरशी पुसायला लागले, कोणी घसरून पडू नये म्हणून. हात बुळबुळीत लागत होता, दुखत काही नव्हता. सर ओरडले, "मावशी, हात! तुमचा हात!"

त्यांनी मला दंडाला धरून बेसिनपाशी नेलं. बेसिनवर नळ होता. त्याला पाणी होतं. मी नळ उघडायला डावा हात पुढे केला, तर सर म्हणाले, "थांबा, पाण्याने पसरेल." आणि वर्गाकडे वळले. त्यांचा आवाज कापत होता, पण शिकवायची सवय जात नाही.

"सोडियम हायड्रॉक्साइड आहे. त्यावर काय टाकायचं?"

वर्गाने एका आवाजात सांगितलं, "आम्ल, सर."

"तीव्र की सौम्य?"

"सौम्य, सर."

मागच्या भिंतीवर तक्ता होता. मीच रोज त्यावरून फडकं फिरवायची. आम्ल अधिक आम्लारी, बाण, क्षार अधिक पाणी. दोघं एकत्र आले की दोघांचाही जोर जातो, मीठ आणि पाणी उरतं. मलाही ते पाठ होतं. म्हणून मी हात पुढे धरला.

सरांनी सौम्य ॲसेटिक ॲसिडची बाटली घेतली, म्हणजे व्हिनेगरच समजा. कापसाने ते माझ्या हातावर पिळायला लागले. पण कुठवर पिळायचं? प्रयोगात जसं कळतं तसंच इथेही कळेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी दर्शकाची बाटली मागवली. दर्शक म्हणजे फिनॉल्फ्थॅलिन. ते पाण्यासारखं असतं, पण आम्लारीत पडलं की गुलाबी होतं, आणि आम्लारी संपली की पुन्हा बिनरंगी. सरांनी माझ्या हातावर त्याचा थेंब टाकला.

हात गुलाबी झाला. गौरीच्या वेळी साडी धुताना रंग निघतो तसा, मनगटापासून बोटांपर्यंत. पोरांनी माना पुढे काढल्या. सर ॲसिड टाकत, रंग जाई. पुन्हा दर्शकाचा थेंब, पुन्हा गुलाबी. पुन्हा ॲसिड. असं किती वेळ चाललं ते मी सांगू शकत नाही. शेवटी थेंब टाकला आणि रंग आलाच नाही.

"झालं," सर म्हणाले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "उदासीन झालं."

दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मलाही वाटलं, झालं. तेव्हाच हाताच्या आतून, हाडाच्या बाजूने, काहीतरी गरम व्हायला लागलं होतं. पण रंग गेला होता, म्हणून मी काही बोलले नाही.

त्या दिवशी मी सायकलने घरी गेले. सकाळपर्यंत हात उशीएवढा सुजला. गजाननभाऊंच्या हातून शाळेत निरोप धाडला, तर सर स्वतः स्कूटर घेऊन दारात आले आणि मला धंतोलीला नेलं. तिथे गल्लीबोळात दवाखानेच दवाखाने, आणि पायऱ्यांवर यवतमाळ, वर्ध्याहून आलेली माणसं डबे उघडून बसलेली. आमचा नंबर आला. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. हात पाहून त्यांनी मला विचारलं, "किती वेळ पाण्याखाली धरला होता?"

"नाही धरला."

"का? नळ नव्हता?"

"होता," मी म्हटलं.

सर बाजूला उभे होते. तेच म्हणाले, "आम्ही न्यूट्रलाइज केलं होतं. दर्शकाने तपासून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "साहेब, हात म्हणजे परीक्षानळी नाही. वरचं तुम्ही मारलंत. आत शिरलं ते तसंच काम करत राहिलं. त्यात ही दोन्ही एकत्र आली की उष्णता निघते, ती वेगळीच. नुसतं नळाखाली धरायचं होतं. अर्धा तास, तासभर. दुसरं काहीच करायचं नव्हतं."

बाहेर येऊन सरांनी दोन चहा सांगितले. दोन्ही तसेच गार झाले.

हात राहिला, पण जसा होता तसा नाही. कातडी आखडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात वळून बसलं, अंगठा अर्धाच उघडतो. सायकलचा ब्रेक दाबता येईना म्हणून सायकल सुटली. भाकरी थापणं सुटलं. नळ्या मी डाव्या हाताने धुवायला शिकले. सुरुवातीला बऱ्याच फुटल्या.

हात बरा होत होता तशी गोष्ट बदलत होती. पहिल्या आठवड्यात शाळेत सगळे म्हणायचे, बाटली फुटली. नंतर म्हणायला लागले, मावशींनी फोडली. मॅडम फळं घेऊन घरी आल्या, सर सोबत होते. मॅडम म्हणाल्या, "इतकी घाई करू नये हो मावशी. वस्तू काय, येतात. हात येतो का?" सर माझ्या पोरीसाठी सफरचंद कापत होते. त्यांनी मान वर केली नाही. फोडी मात्र अगदी सारख्या कापल्या.

माझी पोरगी पल्लवी तेव्हा लहान होती. सरांनी खटपट करून तिला आमच्याच शाळेत घेतलं. मग तिची फी माफ करवली. मग दर रविवारी घरी बोलावून तिला गणित-विज्ञान शिकवायला लागले, एक पैसा न घेता. मला बोलायचं होतं. पण आधी आवाज नव्हता, मग प्रवेश झाला, मग फी, मग शिकवणी. दर वेळी बोलायची गोष्ट एकेक घर पुढे सरकली. आणि एक घर म्हणजे किती, ते मी वर लिहिलंच आहे.

पुढच्या जूनमध्ये नववीच्या पहिल्या तासाला सर म्हणाले, "मावशी, जरा इकडे या. हात दाखवा." मग पोरांकडे वळून, "प्रयोगशाळेत निष्काळजीपणा केला की काय होतं, ते पाहून घ्या." कोणाचा निष्काळजीपणा, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. हात माझा होता.

मला वाटलं, ह्या एकाच वर्षी. पण दुसऱ्या तुकडीलाही दाखवला. पुढच्या वर्षीही. मग ती रीतच पडली. जून आला की छत्र्या, नवीन वह्या आणि माझा हात. एक तक्ता भिंतीवर, एक मी. मी टेबलाशी उभी राहायची, हात दिव्याखाली धरायची, सगळ्या बाकांना दिसावा म्हणून हळूच फिरवायची. काही पोरी तोंड फिरवत. काही नंतर येऊन चॉकलेट देत. एक तास बिनगोंगाटाचा जायचा, म्हणून दुसरे शिक्षक सरांना म्हणत, "तुमची मावशी म्हणजे दहा सूचनांच्या बरोबरीची आहे."

घरी पल्लवीला हीच गोष्ट माहीत. शाळेत सगळ्यांना जी माहीत तीच. माझ्या हातून वाटी जरी पडली तरी ती आतून ओरडायची, "हळू वं आई, तू काहून इतकी घाई करतं? अजून एक हात फोडशील." थट्टाच होती. पोर हसून बोलायची. मीही हसायची. पण मला सगळ्या शाळेने निष्काळजी म्हटलेलं मी सोसलं असतं. तिने म्हटलेलं सोसवत नव्हतं. एवढी एकच गोष्ट मला हवी होती, की निदान तिला खरं कळावं. आणि माझ्याकडून नाही, सरांकडून कळावं. माझ्या सांगण्यापेक्षा सरांच्या सांगण्याला ती जास्त मानायची.

पल्लवी नववीत आली त्या वर्षी सरांनी आदल्या दिवशी मला विचारलं, "मावशी, उद्या पल्लवी असेल वर्गात. हात दाखवायचा, की राहू द्यायचं?"

मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "पण एकाच तुकडीला नाही दाखवला तर पोरं विचारतील."

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी उभी राहिले. पल्लवी शेवटच्या बाकावर, मान खाली घालून. सर नेहमीसारखं बोलले. मग पुढच्या बाकावरची एक पोरगी उठली. आजवर कोणीच हे विचारलं नव्हतं.

"सर, मग लगेच त्यावर काय टाकलं?"

मी सरांकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता सांगा. एवढं एकदाच सांगा. तुमच्या तोंडून. ती बसली आहे मागे.

सर फळ्याकडे वळले. फळ्यावर काही नव्हतं, तरी डस्टर घेऊन पुसायला लागले. म्हणाले, "लगेच नळाखाली धरला. भरपूर पाणी. आम्लारी अंगावर पडली तर फक्त पाणी, दुसरं काहीही नाही. लिहून घ्या." आणि पोरांनी लिहून घेतलं.

शिकवलं ते बरोबरच शिकवलं. त्या वर्गातल्या एखाद्या पोराचा हात त्यामुळे पुढे कधी वाचलाही असेल. पण मी तिथे उभी होते आणि माझा हात दिव्याखाली होता. नळाखाली धरूनही जर असा झाला, तर मग सगळा दोष माझाच ठरला.

त्या संध्याकाळी पल्लवी घरी येऊन म्हणाली, "बरं झालं वं आई, सरांनी लगेच पाण्याखाली धरला. नाही तं अख्खा हात गेला असता."

मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. बुचाचं, फोटोचं, ॲसेटिक ॲसिडचं, गुलाबी रंगाचं. मला वाटतं माझ्या जन्मात मी सलग एवढं कधी बोलले नव्हते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सर असं कसं करतील? ते तं आम्हाले स्वतःच सांगतात की ॲसिड नाही टाकायचं."

"आता सांगतात. तेव्हा टाकलं होतं."

"तुले तेव्हा भान तरी होतं का, आई? दुखत होतं, घाबरली होती तू. तुले काय दिसलं आणि काय नाही." मग जरा मऊ होऊन, "सरांनी आपल्यासाठी किती केलं. असं नको बोलत जाऊ कोणाजवळ."

दुखत नव्हतं, हेच तर मी तिला सांगत होते. पण पुन्हा सांगितलं नाही. ती आत जाऊन अभ्यासाला बसली. सरांनी शिकवलेला धडा होता.

सर निवृत्त झाले तेव्हा मोठा कार्यक्रम झाला. हार, शाल, श्रीफळ. सगळे खाली गेल्यावर ते प्रयोगशाळेत आले. मी स्टँडवर नळ्या लावत होते. ते बेसिनपाशी उभे राहिले, नळ उघडला, बंद केला.

"मावशी," ते म्हणाले, "तुम्ही कधी बोलला नाहीत. फार उपकार आहेत तुमचे."

मी मान हलवली. माझ्याकडून तेवढंच होतं. नंतर किती दिवस मनात येत राहिलं, हेच वाक्य माणसाने वर्गात म्हटलं असतं तर? शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात. त्यांचा आवाज तर किती खणखणीत होता.

पुढे मीही निवृत्त झाले. पल्लवी बी.एस्सी., बी.एड. झाली. आता ती कळमेश्वरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. लोक म्हणतात, मावशीने पोरीला कुठल्या कुठे नेलं. मला आनंद आहे. नाही कसा? ती बोलते तेव्हा आवाज पार मागच्या बाकापर्यंत जातो.

ह्या जूनमध्ये सकाळी मी भाजी चिरत होते. पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. उचलला तर मागे वर्ग दिसला, निळ्या गणवेशातली पोरं, सगळी फोनकडे पाहत.

"आई, हात दाखव न जरा पोरांले," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, अगदी सरांच्या चालीत, "ही माझी आई. प्रयोगशाळेत होती. घाईत बाटली फुटली. सरांनी लगेच नळाखाली हात धरला, तरीही काय झालं ते पाहा."

मी फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला. सवयीने हात पुढे नेला, फिरवायला. मग थांबले. नळ उघडला आणि हात त्याच्याखाली धरला.

"आई, काय करून राहिली? हात दाखव."

"हे असं धरायचं," मी पोरांना म्हटलं. समोर फक्त फोन होता म्हणून असेल, पण आवाज निघाला. "तासभर. माझा नव्हता धरला कोणी."

पल्लवीचा चेहरा फोनमध्ये अगदी जवळ आला. मग ती वर्गाकडे वळली आणि हसून, समजावल्यासारखं म्हणाली, "आईचं वय झालं न आता. विसरते कधी कधी."

मागून कुठून तरी एका पोरीचा आवाज आला, "मॅडम, मग त्यांच्या हातावर काय टाकलं होतं?"

फोन बंद झाला.

संध्याकाळी पल्लवी आली. भाजी छान झाली म्हणाली. सकाळचं तिने काढलं नाही, मी काढलं नाही. पण त्या पोरीला उत्तर द्यायचं राहून गेलं. ती कोण, कुठल्या बाकावरची, मला ठाऊक नाही. तिच्यासाठी हे लिहून ठेवलं.

ॲसेटिक ॲसिड टाकलं होतं, बाई. गुलाबी रंग जाईपर्यंत. आणि नळ तिथेच होता.